लाकडाच्या घराण्यातील वाफेचा उपासक

जहाजावरील यंत्राचे शिक्षण देणारी एकही शाळा देशात नसताना अर्देशीर कर्सेटजी वाडिया यांनी ही विद्या स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या हाताने आणि अखेर सातासमुद्रापार जाऊन मिळविली. रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय फेलो ठरलेल्या या पारशी अभियंत्याच्या जीवनाचा हा आलेख.

आंबा, फोंडा किंवा करूळ घाट उतरल्याखेरीज कोल्हापूरकरांना समुद्राचे दर्शन होत नाही. मात्र यंत्राशी या शहराचे नाते जवळचे आहे. शिवाजी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील ओतशाळांत तापलेले लोखंड साच्यात उतरते, लेथवर त्याला आकार येतो आणि त्यातून इंजिनांचे सुटे भाग तयार होतात. अशा वातावरणात वाढलेल्या तरुणाने जहाजावरील अभियंता होण्याचे स्वप्न पाहिले, तर त्यात नवल नाही. कोणाला प्रचंड मालवाहू जहाजाचे आकर्षण असते, तर कोणाला यॉट नावाच्या छोट्या, देखण्या नौकेचे. छोट्या यॉटवर बहुधा एकाच अभियंत्याला सारे पाहावे लागते. इंजिन, पंप, दिवे, पाणी, झडपा या सर्वांची जबाबदारी त्याच्या एकट्याच्या शिरावर असते. किनारा दूर असताना बिघाड झाला, तर हाक मारायला दुसरा कोणी नसतो.

या विद्येचे आज अभ्यासक्रम आहेत, परीक्षा आहेत, प्रमाणपत्रे आहेत. सुमारे 190 वर्षांपूर्वी मुंबईत यांपैकी काहीही नव्हते. त्या काळात एका तरुणाने 60 टनांची नौका बांधली, तिच्यावर वाफेचे यंत्र चढविले आणि जहाजाचा अभियंता कसा घडतो, याचा पहिला धडा भारतीयांना घालून दिला. त्याचे नाव अर्देशीर कर्सेटजी. त्याच्या यशाची कथा अनेकदा सांगितली गेली आहे. या यशासाठी त्याला काय ओलांडावे लागले, हे मात्र तितकेसे सांगितले जात नाही.

सुताराचे हत्यार, राजाचा मान

अर्देशीर यांचा जन्म 6 ऑक्टोबर 1808 रोजी मुंबईत झाला. ज्या घराण्यात ते जन्मले, त्याचा व्यवसायच त्याचे आडनाव झाला होता. वाडिया म्हणजे जहाज बांधणारा. या घराण्याचे मूळ पुरुष लवजी नसरवानजी हे सुरतेचे. ईस्ट इंडिया कंपनीच्या बोलावण्यावरून ते 1736 मध्ये आपल्या कारागिरांसह मुंबईस आले आणि त्यांनी येथील गोदीची उभारणी सुरू केली. त्यांच्यापासून गोदीचे मुख्य कारागीरपद, म्हणजेच मास्टर बिल्डरचा हुद्दा, या घराण्यात पिढ्यान् पिढ्या चालत राहिला.

मलबारच्या जंगलातील साग हा या कलेचा पाया होता. ओक लाकडाच्या तुलनेत साग पाण्यात अधिक काळ टिकतो, हे युरोपातील आरमारांना ठाऊक झाले होते. त्यामुळे ब्रिटिश नौदलाने आपली युद्धनौका थेट मुंबईहून बांधून घेण्यास सुरुवात केली. जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली 1810 मध्ये ‘मिंडेन’ पाण्यात उतरली. 1813 मध्ये ‘कॉर्नवॉलिस’ तयार झाली. चीनला हाँगकाँगचे बेट ब्रिटिशांना देण्यास भाग पाडणाऱ्या 1842 च्या नानकिंग तहावर याच ‘कॉर्नवॉलिस’वर सह्या झाल्या. 1817 मध्ये बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ तर आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन करून ठेवलेली आहे. दोन शतके उलटल्यावरही मुंबईचा तो साग तग धरून आहे.

अशा घरातील मुलाचे भवितव्य जन्मतःच ठरलेले असे. अर्देशीर यांचे वडील कर्सेटजी रुस्तमजी हेही गोदीतच होते आणि पुढे मास्टर बिल्डर झाले. रिवाजानुसार 1822 मध्ये, वयाच्या 14 व्या वर्षी, अर्देशीर गोदीत दाखल झाले. तेथील शिक्षणाला पुस्तक नव्हते. लाकडाची फळी निवडणे, तासणीने ती योग्य वळणावर आणणे, दोन फळ्यांचा सांधा पाणी शिरणार नाही इतका घट्ट बसविणे, हे सारे वडीलधाऱ्यांच्या नजरेखाली वर्षानुवर्षे करूनच अंगी मुरायचे. या मार्गाने चालत राहिले असते, तर एक दिवस ते मानाचे पद त्यांच्याकडे येण्याची शक्यता होती. प्रतिष्ठा, स्थैर्य आणि सरकारदरबारी वजन या तिन्ही गोष्टी त्या वाटेवर होत्या.

अर्देशीर यांचे मन मात्र लाकडात रमले नाही. त्यांना ओढ लागली ती वाफेची.

‘ह्यू लिंडसे’चा धडा

मुंबईत त्या काळी वाफेवर चालणारी यंत्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. 1820 च्या दशकात उभ्या राहिलेल्या टांकसाळीत इंग्लंडहून आणलेली यंत्रे नाणी पाडू लागली होती. समुद्रावर वाफेची खरी कसोटी लागली ती 1830 मध्ये. मुंबई गोदीत बांधलेले ‘ह्यू लिंडसे’ हे 411 टनांचे जहाज 1829 मध्ये पाण्यात उतरले. त्याची लाकडी बांधणी वाडियांची होती. प्रत्येकी 80 अश्वशक्तीची दोन इंजिने मात्र लंडनच्या मॉडस्ले कारखान्यातून आली होती. 20 मार्च 1830 रोजी हे जहाज मुंबईहून सुएझकडे निघाले.

या प्रवासाने वाफेची ताकदही दाखविली आणि तिची भूकही. जहाजाची रचना सुमारे साडेपाच दिवसांच्या कोळशासाठी केलेली होती. एडनचे बंदर त्याहून कितीतरी दूर होते. त्यामुळे कोळसा मिळेल त्या जागेत रचावा लागला आणि जहाज ओझ्याने पाण्यात दबूनच बंदराबाहेर पडले. वाटेत कोळसा भरण्यासाठी ठिकठिकाणी अनेक दिवस मोडले. तरीही 22 एप्रिलला ते सुएझला पोहोचले. आफ्रिकेला वळसा घालून शिडांच्या जहाजाने इंग्लंडला पोहोचण्यास लागणाऱ्या महिन्यांच्या तुलनेत हा मार्ग किती जवळचा आहे, हे सर्वांच्या ध्यानात आले.

वाडिया घराण्याच्या दृष्टीने या घटनेचा आणखी एक अर्थ होता. जहाजाचे सांगाडे मुंबईत बांधले जात होते. पण त्यांचे हृदय परदेशातून येत होते. ते बसविणारे, चालविणारे आणि दुरुस्त करणारे हातही परदेशीच होते. वाफ जसजशी वाढेल, तसतशी सागाच्या कारागिराची किंमत कमी होत जाणार, हे चाणाक्ष माणसाला दिसण्यासारखे होते. तेव्हा अर्देशीर 21 वर्षांचे होते.

घर हीच प्रयोगशाळा

शिकविणारी संस्था नव्हती, म्हणून अर्देशीर यांनी माझगाव येथील आपल्या राहत्या जागेचीच शाळा केली. ओतकामाची भट्टी, साचे, हत्यारे यांची जमवाजमव त्यांनी पदरचा पैसा खर्चून केली. वाफेच्या यंत्राचे तत्त्व पुस्तकातून समजू शकते. मात्र नळकांडे आतून सर्वत्र सारखे गोल करणे आणि त्यात दट्ट्या असा बसविणे की, तो सहज सरकावा पण वाफ निसटू नये, हे हाताशिवाय समजत नाही. लाकडाच्या कामात तासणीचा एखादा घाव कमी-अधिक झाला, तर तो सांधता येतो. ओतलेल्या लोखंडात एक पोकळी राहिली, तर सारा भाग पुन्हा वितळवावा लागतो. पिढीजात सुतारकामात वाढलेल्या तरुणाला ही सर्वस्वी नवी शिस्त अंगी बाणवावी लागली.

1833 मध्ये त्यांनी ‘इंडस’ नावाची 60 टनांची समुद्रगामी नौका स्वतः आखून पाण्यात उतरविली. आकाराने ती आजच्या एखाद्या यॉटच्या जवळपास जाणारी. या नौकेवर त्यांनी वाफेचे यंत्र बसविले. पुढे लंडनमध्ये त्यांच्या योग्यतेची नोंद करताना या एका कामाला विशेष महत्त्व दिले गेले. नौकेचा सांगाडा आखणारा आणि त्या सांगाड्यात यंत्र बसविणारा माणूस एकच होता. तरत्या नौकेत यंत्र बसविणे हे जमिनीवरील कारखान्यात ते उभे करण्याहून वेगळे काम. त्याचे वजन मध्यभागी आले नाही, तर नौका कलते. पाया पुरेसा भक्कम नसेल, तर यंत्राच्या हादऱ्यांनी सांधे सैल होतात. येथे अर्देशीर यांना वाडवडिलांची विद्या उपयोगी पडली. जे घराणे ते मनाने मागे टाकीत होते, त्याच घराण्याने दिलेली लाकडाची जाण त्यांच्या नव्या विद्येचा आधार बनली.

यंत्राच्या बरोबरीने त्यांना धुराच्या दिव्यांचेही वेड होते. दगडी कोळशापासून निघणाऱ्या वायूवर जळणारे दिवे त्यांनी 1834 मध्ये आपल्या माझगावच्या बंगल्यात आणि बागेत लावले. तो प्रकाश पाहण्यासाठी मुंबईचे गव्हर्नर अर्ल ऑफ क्लेअर स्वतः आले आणि त्यांनी अर्देशीर यांचा मानाची वस्त्रे देऊन गौरव केला. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागण्यास त्यानंतर 31 वर्षे जावी लागली. ते साल होते 1865. जे शहराला 1865 मध्ये दिसले, ते माझगावच्या एका खासगी बागेने 1834 मध्येच पाहिले होते.

मिळविलेले ज्ञान त्यांनी तिजोरीत ठेवले नाही. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये भारतीय विद्यार्थ्यांना यंत्रशास्त्र आणि रसायनशास्त्राची ओळख करून देण्यात त्यांनी भाग घेतला. याच संस्थेत त्या सुमारास ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर अध्यापन करीत होते. पाश्चात्त्य विद्या एतद्देशीयांच्या हाती यावी, ही तळमळ त्या काळच्या मुंबईत अनेक घरांतून एकाच वेळी जागी झाली होती. कोणी ती छापखान्यातून व्यक्त केली, कोणी वर्गातून. अर्देशीर यांनी ती भट्टीतून व्यक्त केली. 1837 मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीने त्यांना अनिवासी सभासद करून घेतले.

थेम्स नदीच्या काठी

घरच्या शाळेची मर्यादा अर्देशीर यांना लवकरच जाणवली असावी. छोट्या नौकेवर यंत्र बसविणे आणि शेकडो अश्वशक्तीचे सागरी इंजिन समजून घेणे यांत मोठे अंतर होते. तिकडे इंग्लंडमध्ये हे शास्त्र वेगाने पुढे जात होते. 1838 मध्ये ‘ग्रेट वेस्टर्न’ या आगबोटीने अटलांटिक महासागर पार केला होता. जानेवारी 1839 मध्ये कंपनी सरकारने एडन ताब्यात घेतले. त्यामागील कारणांमध्ये मुंबई-सुएझ मार्गावरील आगबोटींसाठी कोळशाचे ठाणे हे एक प्रमुख कारण होते. वाफेची सत्ता येणार, हे आता निश्चित झाले होते.

त्याच वर्षी, वयाच्या 31 व्या वर्षाच्या उंबरठ्यावर, अर्देशीर इंग्लंडला निघाले. सुएझचा कालवा अजून 30 वर्षे दूर होता. तांबड्या समुद्रातून सुएझ, तेथून वाळवंटातून कैरो, पुढे अलेक्झांड्रिया आणि नंतर भूमध्य समुद्र असा तो खुष्की-जलमार्ग होता. त्यांच्या आधी एक वर्ष त्यांच्याच घराण्यातील जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी हे दोघे तरुण जहाजबांधणीच्या शिक्षणासाठी तेथे गेले होते. त्या दोघांचे लक्ष्य जहाजाचा सांगाडा हे होते. अर्देशीर यांचे लक्ष्य त्या सांगाड्याच्या पोटातील यंत्र हे होते.

लंडनमध्ये त्यांनी सीवर्ड यांच्या सुप्रसिद्ध कारखान्यात सागरी इंजिनांचा अभ्यास केला. या कारखान्याची निवड मोलाची होती. 1837 मध्ये पाण्यात उतरलेल्या ‘गॉर्गन’ या ब्रिटिश युद्धनौकेसाठी सीवर्ड यांनी एका नव्या घडणीचे इंजिन दिले होते. त्यापूर्वीच्या सागरी इंजिनांत दट्ट्याची हालचाल चाकाच्या आसापर्यंत पोहोचविण्यासाठी मोठमोठ्या तरफा लागत. ‘गॉर्गन’च्या इंजिनात या तरफा गाळून टाकल्या गेल्या आणि दट्ट्याची शक्ती थेट आसाकडे नेण्यात आली. परिणामी इंजिनाचे वजन आणि त्याने व्यापलेली जागा, दोन्ही कमी झाली. वाचलेल्या जागेत कोळसा मावू लागला. ‘ह्यू लिंडसे’ची अडचण ज्याने जवळून पाहिली होती, त्या माणसाला या सुधारणेचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नव्हती.

सागरी अभियंत्याची दुसरी मोठी डोकेदुखी म्हणजे मीठ. त्या काळच्या आगबोटींच्या बॉयलरमध्ये समुद्राचेच पाणी भरले जाई. पाण्याची वाफ झाली की मीठ मागे उरे आणि बॉयलरच्या पत्र्यावर आतून त्याचा थर साचे. थर जाड झाला की आगीची उष्णता पाण्यापर्यंत पोहोचत नसे. कोळसा अधिक जळे आणि पत्रा तापून कमकुवत होई. यावर उपाय एकच होता. ठराविक वेळाने बॉयलरमधील खारट झालेले उकळते पाणी समुद्रात सोडून द्यायचे आणि ताजे पाणी आत घ्यायचे. असे करताना उष्णता वाया जाई. न केल्यास बॉयलर निकामी होई. पाणी केव्हा सोडायचे आणि किती सोडायचे, हा निर्णय अभियंत्याच्या अनुभवावर अवलंबून असे. अशा शेकडो लहान निर्णयांतूनच हा पेशा घडतो आणि ते निर्णय शिकण्यासाठी चालत्या यंत्रासमोर उभे राहण्यावाचून गत्यंतर नसते.

इंग्लंडमधील वास्तव्यात अर्देशीर यांनी आपल्या प्रवासाची आणि मुक्कामाची रोजनिशी इंग्रजीत लिहिली. ती 1840 मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. तेथील अभियंते आणि शास्त्रज्ञ यांच्याशी त्यांचा परिचय वाढला आणि या परिचयातूनच त्यांच्या कार्याची योग्य ठिकाणी दखल घेतली गेली.

हाताखाली युरोपीय

ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी अर्देशीर यांची मुंबईच्या स्टीम फॅक्टरीचे मुख्य अभियंता आणि यंत्रनिरीक्षक म्हणून नेमणूक केली. कंपनीच्या आगबोटींची इंजिने आणि बॉयलर यांची जोडणी व दुरुस्ती करणारा हा कारखाना होता. 1 एप्रिल 1841 रोजी अर्देशीर यांनी त्याची सूत्रे हाती घेतली. त्यांच्या हाताखाली चार युरोपीय साहाय्यक, सुमारे 100 युरोपीय अभियंते व बॉयलर कारागीर आणि सुमारे 200 भारतीय कारागीर होते.

या आकड्यांतच त्या नेमणुकीचे वेगळेपण आहे. हिंदुस्थानात गोऱ्यांच्या हाताखाली हजारो भारतीय काम करीत होते. भारतीयाच्या हुकमतीखाली 100 गोरे काम करीत असल्याचे दृश्य नवे होते. ते अनेकांना रुचले नाही. मुंबईतील युरोपीयांच्या ‘बॉम्बे टाइम्स’ या वृत्तपत्राने या नेमणुकीवर उघड टीका केली. एतद्देशीय माणूस कितीही बुद्धिमान आणि शिकलेला असला, तरी इंग्रज कामगारांवर देखरेख ठेवून त्यांना शिस्तीत राखणे त्याला साधेल का, अशी शंका त्या पत्राने घेतली. आक्षेप अर्देशीर यांच्या यंत्रज्ञानावर नव्हता. त्यांच्या जन्मावर होता आणि जन्मावरील आक्षेपाला कोणतेही प्रमाणपत्र उत्तर देऊ शकत नाही.

या वादाला सुरुवात होऊन थोडाच काळ लोटला असेल, तोच लंडनमध्ये एक घटना घडली. 27 मे 1841 रोजी रॉयल सोसायटीने अर्देशीर कर्सेटजी यांची फेलो म्हणून निवड केली. न्यूटन ज्या संस्थेचे अध्यक्ष होते, त्या संस्थेत प्रवेश मिळविणारे ते पहिले भारतीय होत. दुसऱ्या भारतीयाला हा मान मिळण्यास 77 वर्षे लागली. 1918 मध्ये निवडून आलेले ते दुसरे फेलो म्हणजे गणिती श्रीनिवास रामानुजन. ज्या माणसाला काही जण कारखाना चालविण्यास अपात्र ठरवू पाहत होते, त्याला इंग्लंडमधील सर्वोच्च शास्त्रसंस्थेने आपल्या पंक्तीत बसविले होते.

टीकेला खरे उत्तर मिळाले ते कामातून. अर्देशीर यांनी 1841 ते 1857 अशी 16 वर्षे हा कारखाना सांभाळला. ही वर्षे काही साधी नव्हती. सुएझकडे जाणाऱ्या टपालबोटी, चीनकडे निघालेल्या युद्धनौका, इराणच्या आखातात फिरणाऱ्या गस्तीच्या नौका यांचे वाफेवरील अवलंबन वाढत होते. बंदरात नांगरलेल्या आगबोटीचे यंत्र वेळेत दुरुस्त झाले नाही, तर टपाल अडे आणि मोहीमही अडे. हा सारा भार माझगावच्या बागेत पहिले यंत्र जोडणाऱ्या माणसाने पेलला.

‘लवजी फॅमिली’

1849 मध्ये अर्देशीर पुन्हा इंग्लंडला गेले आणि तेथून अमेरिकेलाही जाऊन आले. लाकूड कापण्याच्या अमेरिकी यंत्रांनी त्यांचे लक्ष वेधले आणि अशी यंत्रे त्यांनी मुंबईसाठी घेतली. ज्या गोदीत त्यांच्या पूर्वजांच्या काळी प्रत्येक फळी हाताने चिरली जाई, त्या गोदीच्या शहरात लाकूड कापण्याचे काम यंत्राकडे जाणार होते. शिवणयंत्र, छायाचित्रण, विजेच्या साहाय्याने धातूवर मुलामा चढविण्याची कला अशा अनेक नव्या गोष्टी मुंबईकरांपुढे आणण्याचे श्रेयही त्यांना दिले जाते.

1851 मध्ये त्यांनी एक आगबोट पाण्यात उतरविली. तिच्या यंत्राचे भाग त्यांच्या स्वतःच्या घरच्या ओतशाळेत तयार झाले होते. या आगबोटीला त्यांनी नाव दिले ‘लवजी फॅमिली’. आयुष्यभर वाफेमागे धावलेल्या माणसाने आपल्या हातच्या बोटीला सुरतेहून आलेल्या त्या सुताराचे, आपल्या खापरपणजोबांच्या पिढीचे नाव द्यावे, ही गोष्ट बोलकी आहे. सुमारे दोन दशकांपूर्वी ‘ह्यू लिंडसे’साठी मुंबईला लंडनहून इंजिने मागवावी लागली होती. आता सांगाडा आणि हृदय दोन्ही मुंबईची होती.

तरीही हे यश एका माणसाचे, एका घराचे राहिले. त्यातून इंजिने बनविणारा मोठा भारतीय उद्योग उभा राहिला नाही. कंपनी सरकारला मुंबईत दुरुस्ती हवी होती; निर्मिती इंग्लंडमध्येच व्हावी, यात त्याचे हित होते. त्यामुळे माझगावची ओतशाळा हे एक तेजस्वी उदाहरण ठरले, परंपरा मात्र ठरू शकले नाही.

अखेरची वर्षे

1857 मध्ये अर्देशीर स्टीम फॅक्टरीतून निवृत्त झाले. तथापि यंत्राने त्यांना फार काळ स्वस्थ बसू दिले नाही. 1861 मध्ये त्यांनी सिंधमधील कोटरी येथे इंडस फ्लोटिला कंपनीच्या मुख्य अभियंत्याची जबाबदारी स्वीकारली. त्याच वर्षी कराची-कोटरी रेल्वे सुरू झाली होती आणि कोटरीपासून पुढे सिंधू नदीतून उत्तरेकडे आगबोटी जात. वाळूचे तळ आणि सतत बदलणारे पात्र यांमुळे या नदीवर बोट चालविणे जिकिरीचे असे. 28 वर्षांपूर्वी आपल्या पहिल्या नौकेला त्यांनी ज्या नदीचे नाव दिले होते, त्याच नदीवर त्यांच्या नोकरीचा शेवटचा अध्याय घडला, हा योगायोगच म्हणावा लागेल.

उत्तरायुष्यात ते इंग्लंडमध्ये स्थायिक झाले. मुंबईत त्यांचा पारशी संसार होता. इंग्लंडमध्ये मॅरियन बार्बर यांच्यासमवेत त्यांचे दुसरे कुटुंब होते. त्या काळच्या पारशी समाजाच्या चौकटीत हे बसणारे नव्हते. ज्याने पेशाच्या बाबतीत घराण्याची चाकोरी सोडली, त्याने खासगी जीवनातही ती सोडली होती. 16 नोव्हेंबर 1877 रोजी लंडनजवळील रिचमंड येथे, वयाच्या 69 व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ज्या मुंबईसाठी त्यांनी एवढे केले, त्या शहरापासून दूर त्यांना अखेरचा विसावा मिळाला.

विद्येचा वारसा

अर्देशीर यांच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी, 1884 च्या सुमारास, मुंबई गोदीतील वाडिया घराण्याच्या मास्टर बिल्डरांची परंपरा संपुष्टात आली. सुमारे दीडशे वर्षे चाललेले हे पद लोखंड आणि वाफ यांच्या युगात कालबाह्य झाले होते. अर्देशीर यांनी जी विद्या आत्मसात केली, तिनेच त्यांच्या घराण्याची विद्या मागे टाकली. त्यांनी ती शिकली नसती, तरीही हे घडलेच असते. फरक इतकाच की, येणारे युग केवळ परक्यांच्या हाती न राहता त्यात एका भारतीयाचा हातही लागला.

पुढची पावले फार सावकाश पडली. सोलापूरला जन्मलेले वालचंद हिराचंद आणि त्यांचे सहकारी यांच्या सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ ही बोट 5 एप्रिल 1919 रोजी मुंबईहून इंग्लंडकडे निघाली. हाच दिवस आता राष्ट्रीय नौवहन दिन म्हणून पाळला जातो. भारतीय तरुणांना जहाजावरील अधिकारी म्हणून तयार करण्यासाठी ‘डफरिन’ हे प्रशिक्षण जहाज 1927 मध्ये मुंबई बंदरात सुरू झाले. सागरी अभियंत्यांच्या पूर्णवेळ शिक्षणाची शासकीय व्यवस्था उभी राहिली ती 1949 मध्ये, स्वातंत्र्यानंतर. म्हणजे अर्देशीर यांनी ‘इंडस’ पाण्यात उतरविल्यापासून ती संस्था निघेपर्यंत 116 वर्षे लोटली. इतकी वर्षे या देशातील एखाद्या हुशार मुलाला वाट शोधायची झाली, तर ती बहुतांशी स्वतःच्या बळावरच शोधावी लागत होती.

भारतीय टपाल खात्याने 1969 मध्ये अर्देशीर यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. त्यापलीकडे सर्वसामान्यांच्या स्मृतीत त्यांचे नाव फारसे उरलेले नाही. जहाजबांधणीचा विषय निघाला की वाडियांच्या लाकडी जहाजांचा उल्लेख होतो आणि विज्ञानाचा विषय निघाला की रामानुजन यांच्यापासून सुरुवात होते. या दोहोंच्या मध्ये उभा असलेला माझगावचा हा अभियंता दोन्हीकडून निसटतो.

सागरी अभियांत्रिकीचे शिक्षण आता प्रवेश परीक्षेने सुरू होते. मिठाच्या थराची चिंता उरलेली नाही. वाफेची जागा डिझेलने घेतली आहे. एक गोष्ट मात्र बदललेली नाही. प्रशिक्षणार्थीला आजही वर्गाइतकाच कार्यशाळेत वेळ द्यावा लागतो, कानस हाती धरावी लागते आणि इंजिन उघडून पुन्हा जोडावे लागते. समुद्राच्या मध्यावर यंत्र बंद पडले की कागदावरील गुण कामास येत नाहीत. हाताला असलेली सवयच कामास येते. उद्यमनगरातील ओतशाळेत ऐन उन्हाळ्यात भट्टीसमोर उभ्या राहणाऱ्या कारागिराला हे वेगळे सांगावे लागत नाही. माझगावच्या भट्टीसमोर उभ्या राहिलेल्या त्या तरुणालाही ते कोणी सांगितले नव्हते.